मुलांच्या पुस्तकातला धर्म



पन्नासेक पानांची, रंगीत चित्रांची एक पुस्तिका सध्या माझ्यासमोर आहे. शाळेतल्या मुलांना हिंदू धर्माची ओळख करून द्यावी म्हणून ती काढलेली आहे. आमच्या दिंडीतल्या एका माळकऱ्याची नातवंडे इंग्लंडात शिकतात. तिकडच्या सरकारी शाळांत सगळ्या प्रमुख धर्मांची माहिती हा एक विषयच असतो. त्यासाठी मूळ इंग्रजीत केलेली ही पुस्तिका तिथल्या मराठी मुलांकरिता मराठीत उतरवली आहे. पुस्तिकेचे नाव मी लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे ते एका पुस्तिकेपुरते नाही. आपल्याकडच्या इंग्रजी शाळांची पुस्तके आणि उन्हाळ्याच्या संस्कार शिबिरांत वाटतात ती टिपणे मी पाहिली आहेत. त्यांचा साचा हाच. चार कप्पे: श्रद्धा, ग्रंथ, देवता, सण. प्रत्येक कप्प्यात आठ-दहा वाक्ये आणि खाली रिकाम्या जागा भरा.

आधी चांगले ते सांगतो. पुस्तिकेत कुठे टवाळी नाही, दुसऱ्या धर्माची निंदा नाही. देव एक आणि रूपे अनेक, हे पहिल्याच पानावर स्वच्छ सांगितले आहे. चार वेदांची नावे, गीतेचे अठरा अध्याय आणि सातशे श्लोक, रामायण-महाभारताचा विस्तार, सारे बरोबर आहे. चित्रे तर सुरेखच. कागदाकडे पाहून वाटते, आमच्या लहानपणी असे काही हाती आले असते तर!

तरीही पुस्तिका मिटल्यावर मनाला टोचणी लागली. हिच्या मापाने मी माझ्या आईला मोजून पाहिले. आईला अक्षरओळख नव्हती. वेद तिने कधी ऐकले नाहीत. ब्रह्मदेवाला तिने कधी फूल वाहिले नाही. हरिपाठ तिला कानाने आला, एकादशी तिने सासूकडून घेतली आणि पायांत बळ होते तोवर आषाढी चुकवली नाही. मोक्ष पाहिजे का असे कोणी विचारले असते तर ती हसली असती. आता मुलाला परीक्षेत प्रश्न आला, ‘हिंदू कोणाला म्हणतात?’, आणि त्याने पुस्तिकेप्रमाणे उत्तर लिहिले, तर त्या उत्तरात माझी आई बसत नाही. वाचकहो, तुमचीही बसणार नाही. मुलाला पुरे गुण मिळतील, पण घरातली आजी देवापुढे बसून काय करते ते या पुस्तिकेतून त्याला उमगणार नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे.

देवतांचा कप्पा घ्या. ब्रह्मदेव निर्माण करतो, विष्णू सांभाळतो, शंकर संहार करतो, असे तीन चौकोन आखले आहेत. तीन सरकारी खातीच म्हणा ना. पुराणांत ही विभागणी आहे, खोटी नाही. पण उपासना तशी चालते का? पंचायतनात गणपती, शिव, विष्णू, देवी आणि सूर्य येतात; ब्रह्मदेव त्यांत नाही. पुष्करसारखी त्याची मोजकी स्थाने सोडली तर त्याचे देऊळ शोधून काढावे लागते. असो. आपला पांडुरंग यांतल्या कुठल्या खात्यात घालायचा? विष्णूच्या, असे मूल म्हणेल, आणि ते चूक नाही. मग दशावतारांची यादी उघडली की विठ्ठल सापडत नाही. जुन्या मराठी चित्रांत आणि काही देवळांच्या कोरीव कामात नवव्या जागी, जिथे बुद्ध असायचा तिथे, कमरेवर हात ठेवलेला विठोबा दिसतो. म्हणजे आपल्या पूर्वजांनाही यादी अपुरी वाटली आणि त्यांनी ती आपल्या हाताने पुरी केली. मुलांना हे सांगण्यात किती मौज आहे!

शिवाय हा विष्णू माथ्यावर शिवाला धारण करतो, असे आपले संत सांगतात. ज्ञानोबांची परंपरा आदिनाथांपासून, म्हणजे शंकरापासून, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी आली, आणि गळ्यात तुळशीची माळ पडली ती पंढरीच्या हरीची. एकादशीइतकाच सोमवार पाळावा असे सांगणारा हा पंथ आहे. नरहरी सोनाराची गोष्ट तुम्ही शेकडो वेळा ऐकली असेल: डोळे बांधून करदोट्याचे माप घ्यायला गेला, हाताला लागला शंकर, डोळे उघडले तर पुढे विठ्ठल. मी ती चाळीस वर्षे कीर्तनात सांगितली, आणि प्रत्येक वेळी पुढच्या रांगेतली पोरे हातातले चुरमुरे विसरत. हरिहराचा भेद का नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला या एका गोष्टीत कळते. पुस्तिकेतल्या तीन चौकोनांतून त्याला कळतो तो नेमका भेदच.

ग्रंथांकडे वळू. वेद, उपनिषदे, गीता, पुराणे, दोन महाकाव्ये. आणि शेवटी एक ओळ, की ‘निरनिराळ्या प्रांतांत संतकवींनीही रचना केल्या.’ ‘संतकवींनीही’ या शब्दातला ‘ही’ मला खटकला. गीता संस्कृतात होती हे खरे, पण आपल्या घरात ती कोणी आणून ठेवली? शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला बसून ज्ञानोबांनी नऊ हजार ओव्या सांगितल्या तेव्हा ती मराठी कानांवर पडली. पुढे पाठ बिघडले, तेव्हा शके १५०६ मध्ये नाथांनी प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. भागवताचा अकरावा स्कंध नाथांनीच मराठीत आणला. त्यांत तुकोबांची गाथा मिळवली की आपली प्रस्थानत्रयी पुरी होते. या तीन ग्रंथांवर गावेच्या गावे शतकानुशतके जगली. त्यांना पुस्तिकेत एक ओळ, तीही नावांशिवाय.

आणखी गंमत पाहा. नामदेवरायांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. इंग्लंडात त्या नातवाच्या बाकावर शीख मुलगा बसत असेल, तर त्याला भगत नामदेव ठाऊक असण्याचा संभव आहे. आपल्या मुलाला मात्र आपल्या पुस्तिकेतून त्यांचे नावही कळणार नाही.

ही ओळ तोकडी राहिली याचे एक कारण मला दिसते, आणि ते अवघड आहे. संतांची नावे घेतली की ती माणसे कोण होती हे सांगावे लागते. मग पुस्तिकेतले दुसरे एक वाक्य अडचणीत येते: ‘प्राचीन समाजात कामाच्या वाटणीसाठी चार वर्ण होते.’ एवढे लिहून पुढचे पान. वाचकहो, वेद कोणाच्या कानावर पडू द्यायचे नाहीत याचेही नियम होते, हे आपण जाणतो. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउलींनी वेदाची हीच उणीव बोलून दाखवली आहे आणि गीतेने ती कशी भरून काढली ते सांगितले आहे. माउली जे बोलले ते आपण मुलांपासून का लपवावे? चोखोबांना महाद्वाराच्या आत जाता आले नाही. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि समाधी झाली ती महाद्वारापाशी, देवळाबाहेर. हरिजनांना ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. म्हणजे मी जन्मलो त्याच्या थोडेच आधी. पंढरीला पोचलेला प्रत्येक वारकरी चोखोबांच्या समाधीपुढे वाकतो, आणि सोबतचे पोर विचारते, ‘ही बाहेर का?’ या प्रश्नाला पुस्तिकेजवळ उत्तर नाही, आणि खोटे उत्तर देण्यापेक्षा न दिलेले बरे असेही मी म्हणणार नाही. आठवी-नववीच्या मुलाला खरे झेपते. धर्मातला दोष धर्मातल्याच माणसांनी ओळखला आणि त्यावर आवाज उठवला, हे त्याला कळले तर धर्माविषयीचा त्याचा आदर वाढेल, असा माझा अनुभव आहे.

आता श्रद्धांचा कप्पा. कर्म, पुनर्जन्म, मोक्ष. ‘चांगले कर्म केले तर चांगला जन्म मिळतो, वाईट केले तर दुःखाचा,’ अशी मांडणी आहे. मोठ्यांच्या सभेत हे वाक्य चालून जाते. वर्गात चालत नाही. एका गावी सप्ताहात पोलिओने पाय गेलेला एक मुलगा कीर्तन संपल्यावर मला भेटला. म्हणाला, ‘बुवा, मी मागच्या जन्मी काय केलं होतं?’ वर्गातल्या कोणीतरी त्याला ते ऐकवले होते. मी त्याला एवढेच सांगितले की संतांनी प्रारब्धाचे बोल लावले ते स्वतःला. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून ‘तुझे प्रारब्ध’ म्हणायला त्यांनी शिकवले नाही. दुसऱ्याच्या दुःखाच्या बाबतीत तुकोबांची शिकवण एकच आहे, त्याला आपला म्हणा. कर्मसिद्धांत मुलांना शिकवायचा तर ही मर्यादा त्याच्या शेजारीच लिहिली पाहिजे, त्याच पानावर. पुस्तिकेत ती नाही, आणि माझ्या मते हा तिच्यातला सर्वांत गंभीर दोष आहे.

मोक्षाबद्दल तर काय बोलावे! ‘प्रत्येक हिंदूचे अंतिम ध्येय मोक्ष.’ प्रत्येक? कीर्तनाच्या शेवटी टाळ उंचावून आपण तुकोबांचे जे मागणे मागतो, त्यात मुक्ती नको आणि संपत्तीही नको असे स्पष्ट म्हणतो. संतांची संगत मिळणार असेल तर पुन्हा जन्माला यायची तयारी दाखवतो. अद्वैत जाणणाऱ्या ज्ञानोबांच्या पंथात हे मागणे रोज होते. हा विरोध वाटतो खरा, पण त्याचा उलगडा करण्यात तर आमच्या पिढ्या गेल्या. पुस्तिकेने उलगडा करावा अशी अपेक्षा नाही. ‘प्रत्येक’च्या जागी ‘अनेक’ लिहिले असते तरी भागले असते.

सणांच्या पानांवर उत्तरेचा पंचांग तसाच उतरवला आहे. दिवाळी कार्तिक अमावास्येला, असे छापले आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो म्हणून तिथे ते बरोबर; आपला महिना अमावास्येला संपतो म्हणून आपली तीच दिवाळी आश्विनात. तसेच गोकुळाष्टमीचे: आपल्याकडे श्रावण वद्य, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण, दिवस मात्र तोच. मराठी भाषांतर करणाऱ्याने घरच्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली असती तरी चूक टळली असती. दिवाळीचे कारण एकच दिले आहे, श्रीराम अयोध्येस परतले ते. वसुबारस नाही, नरकचतुर्दशी नाही, पाडव्याचा बळीराजा नाही. वामनाने ज्याला पाताळात घातले त्याच बळीचे राज्य पुन्हा यावे, असे आपल्या बायाबापड्या ओवाळताना म्हणतात. वामन तर विष्णूचा अवतार! मग आजी बळीची बाजू का घेते? एखादे चौकस मूल यावर आठवडाभर विचार करील. आणि एकादशी? चोवीसांपैकी एकही पुस्तिकेत नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालख्या निघतात, लाखो माणसे पायी चालतात, आणि ‘हिंदूंचे सण’ या मथळ्याखाली त्यांना जागा नाही. कदाचित ज्या दिवशी गोडधोड नसते तो सण धरत नसतील.

भाषांतराबद्दल थोडे. ‘कर्मा’, ‘धर्मा’, ‘योगा’, ‘शिवा’ ही रूपे मराठीत आली कशी? इंग्रजी अक्षरे वाचून लिहिल्यासारखी दिसतात. शिवा ही आमच्याकडे गड्याला मारायची हाक आहे, तिने शंकराचा बोध होत नाही.

पूर्वपक्ष असा येईल की बुवा, पन्नास पानांत किती घालणार? लहान मुले आहेत, सगळे प्रांत, सगळे पंथ कसे मावणार? म्हणणे रास्त आहे. पण मी पाने वाढवा म्हणत नाही, आरंभ बदला म्हणतो. आता आरंभ तीन देव आणि चार वेद यांच्यापासून आहे. मूल तिथे कधी गेलेले नाही. तो घरच्या देव्हाऱ्यापासून करता येईल. तमिळ घरात तिथून आळवारांकडे जाता येईल, बंगाल्याच्या घरात चैतन्यांकडे, आपल्या घरात ज्ञानोबा-तुकोबांकडे. आणि त्यांचा हात धरून गीतेपर्यंत, उपनिषदांपर्यंत. वाट तीच, फक्त चालायची दिशा मुलाच्या पायाला जमेल अशी. आपली उपनिषदेही प्रश्नोत्तरांतच सांगितली आहेत. देव किती, असे शाकल्याने याज्ञवल्क्यांना पुन्हापुन्हा विचारले, आणि संख्या तीन हजारांवरून तेहेतिसावर आणि शेवटी एकावर आली. पुस्तिकेने त्यांतला तेहेतीसचा आकडा तेवढा घेतला, आणि विचारणारा गाळला.

पुस्तिकेच्या शेवटी ‘माझी नोंद’ म्हणून दोन कोरी पाने सोडली आहेत. ज्यांच्या नातवंडांकडे असे पुस्तक असेल त्यांना माझी विनंती आहे, ती पाने भरून घ्या. आजीने माळ कोणाच्या हातून घातली. घरात कोणता वार पाळतात आणि तो कोणी सुरू केला. पणजोबा दिंडीत कितव्या विण्यामागे चालत. कुलदैवत कोणते आणि त्याच्या नैवेद्याला काय लागते. हरिपाठ कोणाला पाठ येतो. लिहिणे मुलानेच करावे, मराठीत जमले नाही तर त्याला येते त्या भाषेत. आणि चोखोबांच्या समाधीबद्दल त्याने विचारले तर तेही सांगावे.