दृश्यप्रत आणि लय : शर्यतीच्या खेळांच्या तुलनेचा निकष

शर्यतीच्या दोन व्हिडिओ खेळांची दृश्यप्रत ठरविताना सामान्यतः दोन्हींतील एकेक स्थिरचित्र शेजारी ठेवले जाते आणि ज्यातील मोटार छायाचित्राच्या अधिक जवळ जाते, तो खेळ श्रेष्ठ मानला जातो. दृश्याचा दर्जा म्हणजे बाह्य वास्तवाशी असलेले साधर्म्य, हे या रीतीमागील गृहीत होय. मराठी सौंदर्यविचाराला ते नवे नाही; आणि मान्यही नाही. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचा उगम अनुकृतीत न शोधता संवेदनांच्या लयबद्ध रचनेत शोधला आणि संवाद, विरोध व समतोल ही लयीची तत्त्वे मांडली. शर्यतीचा खेळ तर मुळातच गतीची रचना आहे. तेथे हा विचार अधिकच लागू पडतो.

‘फोर्झा होरायझन ५’ (२०२१) आणि ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ (२०२२) हे प्रतिस्पर्धी खेळ या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने अनुसरून प्रतिबिंबे घडविणारे ‘रे ट्रेसिंग’ हे तंत्र दोन्हींनी मिरविले. मात्र प्रकाशनाच्या वेळी पहिल्यात ते उभी मोटार न्याहाळण्याच्या दालनापुरते होते. दुसऱ्यात पुनर्दर्शन आणि तत्सम प्रसंगांपुरते. कारण उघड आहे. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्रासाठी यंत्रापाशी सुमारे १७ मिलिसेकंदच उरतात. म्हणजे सर्वांत देखणे चित्र, जो त्या क्षणी खेळत नाही त्याच्यासाठी राखलेले असते. आणि स्थिरचित्रांची तुलना नेमकी त्याच चित्राला प्रमाण मानते.

यावर असा आक्षेप संभवतो की, पुनर्दर्शन हाही कृतीचाच भाग आहे. तो रास्त आहे. १९९७ च्या पहिल्या ‘ग्रॅन टुरिस्मो’पासून खेळाडूला स्वतःच्याच शर्यतीचा प्रेक्षक होता आले. परंतु प्रेक्षकाचा आस्वाद आणि चालकाची अनुभूती या दोन भिन्न अवस्था आहेत. एकीचा निकष दुसरीवर लादता येत नाही. चालकाची नजर दूरच्या वळणावर खिळलेली असते. वळण वेळेत ‘वाचता’ येणे, कडेच्या खांबांची आवर्तने, क्षितिजाचे स्थैर्य यांतून त्याची लय सिद्ध होते. ‘रिज रेसर’च्या (१९९३) कोनीय, ओबडधोबड आकृतींतही ती साधली होती.

साधर्म्याच्या निकषाची दुसरी मर्यादा धुळीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. ‘फोर्झा होरायझन ५’मधील मेक्सिकोत धुळीचे वादळ हा हवामानाचा नेत्रदीपक प्रसंग आहे. दगडखाणींसाठी ओळखल्या गेलेल्या, २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या वाघोलीच्या खेळाडूला धूळ वेगळ्या अर्थाने परिचित असते : तिच्यामागे फुटणारा दगड, खडीचे डंपर आणि माणसांचे श्रम असतात. पडद्यावरची धूळ कितीही हुबेहूब असली, तरी साधर्म्य पृष्ठभागाचे असते, कारणपरंपरेचे नव्हे. खेळात तिला अर्थ येतो तो ती वाट झाकते आणि वेगाला विरोध करते म्हणून. अर्थात रचनेतील तिच्या कार्यामुळे.

‘फोर्झा होरायझन ५’ने एक्सबॉक्स सीरिज एक्सवर सेकंदाला ३० चित्रांचे तपशीलसंपन्न दृश्य आणि ६० चित्रांचे प्रवाही दृश्य असे दोन पर्याय दिले. एकाच कृतीच्या या दोन दृश्यप्रतींतून निवड करणारा खेळाडू नकळत सौंदर्यनिर्णयच करीत असतो. ‘कोणता खेळ अधिक सुंदर दिसतो?’ या प्रश्नाला म्हणूनच तो कोणती क्रिया करताना दिसतो, हे सांगितल्याखेरीज अर्थ प्राप्त होत नाही.