वेदी आणि वीरगळ

हैदराबादकराला वस्तुसंग्रहालय म्हटले की सालारजंगच आठवते. बेन्झोनीची झिरझिरीत घुंघटातली रिबेका १८७६ साली रोममधून विकत आणलेली. तिचे मूळ घर कोणते, असे विचारावेसे कुणाला वाटत नाही. जुन्या गोव्यातले सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आणि त्याला लागून असलेला मठ मात्र हा प्रश्न टाळू देत नाही. इथे वस्तू बाहेरून आल्या, वास्तू जागची हललेली नाही. १५२१ च्या चर्चचा मॅन्युएल शैलीतला दरवाजा १६६१ च्या नव्या बांधणीत राखून ठेवला आहे. १८३५ साली पोर्तुगीज सरकारनेच धर्मसंघ मोडीत काढले, मठ रिकामा झाला. १९६४ मध्ये तिथे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आले.

आत शिरताच आफोंसो द आल्बुकर्कचा भव्य कांस्यपुतळा. पुढे वीरगळ, सतीशिळा, आणि व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग. ही प्रथा १५४७ साली जुआंव द कास्त्रोने सुरू केली. चित्रकला म्हणून यातले बरेचसे काम सामान्यच म्हणावे लागेल. वरचेवर रंग चढवून चेहरे एकमेकांचे भाऊबंद वाटू लागले आहेत. पण सत्ताधीशांना आपण कसे दिसावे असे वाटत होते, हे इतक्या उघडपणे क्वचितच कुठे पाहायला मिळेल.

माझी तक्रार मांडणीविषयी आहे. ती वस्तूंची आहे, मठाची नाही. १६१६ साली जेझुइट फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण राचोलला रोमन लिपीत छापले गेले. १६८४ साली फ्रान्सिस्कनांच्या आग्रहावरून व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला : तीन वर्षांत स्थानिक बोली सोडा, पोर्तुगीज बोला. देव एकच, एका संघाने ओवी रचली, दुसऱ्याने बोलीवर बंदी मागितली. फ्रान्सिस्कनांच्याच मठात फिरताना हा झगडा आपल्याला घरून आठवत यावा लागतो. १९१८ नंतर उस्मानियात उर्दूतून शिकलेल्या मराठी पिढ्यांच्या नातवंडांना तो आठवायला फार कष्ट पडू नयेत.

चर्चच्या फरशीत कोरीव थडगी आहेत. त्यांवर पाऊल टाकताना माणसे बिचकतात, कडेने जातात. शेजारच्या दालनात वीरगळाला टेकून उभे राहायला कुणी कचरत नाही.