काळोखी बोळकांडी

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचा 'अ चाइल्ड्स गार्डन ऑफ व्हर्सेस' हा काव्यसंग्रह १८८५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील 'नॉर्थ-वेस्ट पॅसेज' ही तीन भागांची कविता मुलांसाठीं लिहिलेली खरी. पण ती वाचण्याची अधिक गरज आईबापांना आहे, असें माझें मत आहे.

विषय अगदीं साधा. दिवा लागला आहे, घरचीं माणसें शेकोटीभोंवतीं गाणींगोष्टींत रमलीं आहेत, आणि मुलाला काळोख्या बोळकांडींतून वरच्या खोलींत निजावयास जावयाचें आहे. 'पॅसेज' म्हणजे बोळकांडी, तसाच जलमार्गही. या श्लेषावर सारी कविता उभी आहे. उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ टोकाकडून जाणारा तो मार्ग शोधण्यासाठीं १८४५ सालीं निघालेलीं फ्रँकलिनचीं दोन्ही जहाजें नाहींशीं झालीं होतीं. संग्रह निघाला तोंवर एकही जहाज तो मार्ग पूर्ण पार करूं शकलें नव्हतें. अशा सफरीचें नांव मुलाच्या चार पावलांना देऊन कवीनें त्याच्या भीतीला प्रतिष्ठा दिली आहे.

दुसऱ्या भागांत तर बागुलबोवाचा श्वास मुलाच्या केंसांना लागतो आणि मेणबत्तीभोंवतीं जमलेल्या वांकड्या सावल्या जिना चढूं लागतात. 'तेथें कांहीं नाहीं' असें कवि एकदांही म्हणत नाहीं. शेवटीं मूल उबदार खोलींत पोंचतें, मागें वळतें आणि पाठीशीं लागलेल्या सावल्यांवर आपणच दार लावून घेतें.

हें वाचतांना मला माझीच चूक आठवते. माझा मुलगा पांच वर्षांचा असतांना रात्रीं कोपऱ्याकडे बोट दाखवी. बागुलबोवाचा धाक घालणाऱ्या जुन्या पिढीहून आपण शहाणे, अशा समजुतीनें मी दिवा लावून कोपरा रिकामा असल्याचें सिद्ध करून दाखवीत असें. कांहीं दिवसांनीं त्यानें सांगणेंच सोडलें. भीति गेली नव्हती, हें मला फार उशिरां कळलें.

कवितेंत एक उणीव जाणवते: आई येते ती मूल झोंपल्यावर. कवीचें स्वतःचें बालपण या बाबतींत अधिक भाग्यवान होतें. एडिंबरोंत आजारपणाच्या लांब रात्रीं त्याची दाई ॲलिसन कनिंगहॅम त्याला उचलून खिडकीशीं नेई आणि बागेपलीकडील उजळलेल्या खिडक्या दाखवी. तेथेंही एखादें आजारी मूल आपल्या दाईसह पहांटेची वाट पाहत असेल, असें तीं दोघें एकमेकांस सांगत. तिच्याच धर्मकथांनीं त्याच्या मनांत नरकाची धास्ती भरली होती, हेंही खरें. तरी हा संग्रह त्यानें तिलाच अर्पण केला. धाक आणि सोबत यांपैकीं त्याच्या कृतज्ञतेनें काय जतन केलें, तें उघड आहे.

माझ्या मुलाला मीं पुरावे पुष्कळ दिले; पण त्याला कडेवर घेऊन त्याच काळोखाकडे घटकाभर पाहत उभा मात्र मी कधींच राहिलों नाहीं.