संयुग्मी बहुवारिके : वाहकतेपलीकडील कसोटी

शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी १९७७ मध्ये पॉलिॲसिटिलीनवर आयोडीनच्या वाफेची प्रक्रिया केली आणि त्याची विद्युतवाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. या शोधास २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. मात्र प्लास्टिक तांब्याची जागा घेईल, ही अपेक्षा फोल ठरली. एकाआड एक दुहेरी बंधांची जी साखळी इलेक्ट्रॉनांना वाट देते, तिच्यावरच हवेतील ऑक्सिजन आघात करतो. १९९० मध्ये केंब्रिज येथे पॉलिफेनिलीन व्हिनिलीनपासून प्रकाश मिळाला. तथापि आजच्या ओएलईडी पडद्यांत प्रामुख्याने लघुरेणूच वापरले जातात.

याउलट पेडॉट व पीएसएस यांचे मिश्रण छायाचित्रण फिल्मवरील स्थितिक विद्युत प्रतिबंधक लेप म्हणून उद्योगात रुजले. ते हवेत टिकते, पाण्यात विखुरलेल्या स्वरूपात पसरवता येते आणि इलेक्ट्रॉनांबरोबर आयनांचेही वहन करते. त्यामुळे मज्जापेशींशी संपर्क साधणाऱ्या मऊ विद्युतअग्रांसाठी ते उपयुक्त ठरते.

प्रस्तुत लेखकाच्या मते, या क्षेत्राचे मूल्यमापन वाहकतेच्या उच्चांकावरून करणे ही मूलभूत चूक होय. धातूशी स्पर्धा सोडून, धातूला जे साधत नाही ते टिकाऊपणे साधणे, हीच या पदार्थांच्या भवितव्याची खरी कसोटी आहे.