पटेल, जब्बार

(२३ जून १९४२ – ). मराठी नाट्य-चित्रपट दिग्दर्शक. जन्म पंढरपूर येथे. शालेय शिक्षण सोलापूरला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी पुढे दौंड येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. दिग्दर्शक म्हणून त्यांची घडण मात्र महाविद्यालयीन रंगभूमीवर आणि भालबा केळकरांच्या ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’मध्ये (पीडीए) झाली. तेथे त्यांनी विजय तेंडुलकरांचे अशी पाखरे येती (१९७०) हे नाटक बसविले. नाटककार-दिग्दर्शकांचे हे सहकार्य पुढे बारा वर्षे टिकले व पटेलांची बहुतेक श्रेष्ठ निर्मिती ह्याच काळातली आहे.

घाशीराम कोतवाल चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. नाना फडणीसाच्या आश्रयाने कोतवाल झालेला घाशीराम पुण्यावर जुलूम करतो आणि गरज संपताच नाना त्याला जमावाच्या हवाली करतो, एवढेच ह्याचे कथानक. त्यातील मानवी भिंतीची कल्पना संहितेतलीच. परंतु तिला प्रयोगाचा कणा केले ते पटेलांनी. एका रांगेत उभे राहिलेले ब्राह्मण हाच पडदा, हीच कुजबुजणारी गर्दी आणि हाच निवेदक. रांग फुटली की मागचे कारस्थान दिसते. ती सांधली की सारे पुन्हा सोज्ज्वळ होते. भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये व मोहन आगाशे ह्यांचा नाना ह्यांमुळे कीर्तन, लावणी, खेळे ह्यांचे घटक शोभेपुरते न राहता नाट्याशी एकजीव झाले. नानाचे चित्रण व ब्राह्मण समाजाची बदनामी ह्यांवरून वादळ उठले आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. तेव्हा बाहेर पडलेल्या तरुण रंगकर्मींनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली व १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० मध्ये हे नाटक यूरोपात गेले, तेही विरोधाला तोंड देऊनच. नाटक एका जातीवर नसून सत्तेच्या यंत्रणेवर आहे, हे समर्थन संहितेपुरते पटते. प्रयोगाबाबत प्रश्न अधिक अवघड आहे : त्याची लय इतकी मोहक आहे, की प्रेक्षक छळ पाहता पाहता ठेका धरतो. काहींना हा दोष वाटला. वस्तुतः प्रेक्षकाला त्या गर्दीत सामील करून घेणे हेच ह्या प्रयोगाचे मर्म होय. ह्याच नाटकावर ‘युक्त’ ह्या सहकारी गटाने १९७६ मध्ये काढलेला चित्रपट पाहिला, की रंगमंचावरील ही जवळीक चित्रपटात उतरत नाही, हे ध्यानात येते.

तीन पैशाचा तमाशा (१९७८) हे ब्रेख्टच्या नाटकाचे पु. ल. देशपांडेकृत रूपांतर. त्यात नाट्यसंगीत, लावणी व पाश्चात्त्य पॉप संगीत पटेलांनी एकत्र नांदविले. खेळ रंजक झाला. ब्रेख्टची बोचरी धार मात्र बोथटली.

चित्रपटात त्यांनी सामना (१९७५) पासून पाऊल टाकले. तेंडुलकरांची पटकथा, साखरसम्राट हिंदुराव (निळू फुले) आणि फाटका मास्तर (श्रीराम लागू) ह्यांची झुंज. हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. त्याची रचना नाटकाचीच आहे : दोन नट, संवाद, मौन. इटलीचा लुकिनो व्हिस्कोंती (१९०६–७६) हाही रंगभूमी व चित्रपट ह्यांत सारखाच वावरला. परंतु त्याच्या पडद्यावर दालने, वस्त्रे व प्रकाशही बोलतात. पटेलांचा कॅमेरा बहुधा नटाच्या चेहऱ्याजवळ थांबतो. त्याला ठळक अपवाद जैत रे जैत (१९७७) ह्या गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील चित्रपटाचा. ठाकरांचा डोंगर, मधमाश्या, ना. धों. महानोरांची गीते व हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत ह्यांनी येथे संवादाची जागा घेतली आहे.

अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला सिंहासन (१९७९) हा मराठीतील राजकीय चित्रपटांत अग्रगण्य होय. घाशीराम मधील भिंतच येथे मंत्री, दलाल व कामगारपुढारी ह्यांच्या रूपाने उभी आहे; पत्रकार दिगू तिच्या आतले सारे पाहतो आणि अखेर वेड्यासारखा हसत सुटतो. शांता निसळ ह्यांच्या बेघर ह्या कादंबरीवरील उंबरठा (१९८२) मध्ये स्मिता पाटीलची सुलभा सुधारगृहाच्या यंत्रणेशी झगडते व घरीही परकी होते. शेवटी तिला कोणताच आसरा न देण्याचा संयम पटेलांनी पाळला आहे.

पुढील चित्रपटांत ही एकाग्रता विरळ झाली. देशपांड्यांच्या पटकथेवरील एक होता विदूषक (१९९२) मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांच्याकडून त्यांनी अनपेक्षित गंभीर अभिनय मिळविला. मात्र तमाशाचा भाग जितका जिवंत, तितका राजकारणाचा नाही. मुक्ता (१९९४) ह्या चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. मामुट्टी ह्यांची भूमिका असलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर (२०००) हा इंग्रजी चित्रपट त्यांच्या दीर्घ परिश्रमांचे फळ आहे. जीवनातील प्रसंग वगळायचे नाहीत, ह्या दडपणाने त्यात नाट्य मागे पडते. तथापि व्यक्तिरेखेला देव्हाऱ्यात न बसविण्याचे भान सुटलेले नाही. यशवंतराव चव्हाणांवरील चरित्रपट (२०१४) त्या मानाने इतिवृत्तात अडकला आहे. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली. शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते.