लाल बूट

‘द रेड शूज’ या १९४८ सालच्या इंग्रजी बोलपटाविषयी बोलणारे बहुतेकजण एक वाक्य ठरल्यासारखे उच्चारतात : यात कला आणि प्रेम यांचा झगडा आहे. प्रथम पाहून घरी आलो तेव्हा मीही तेच म्हणालो होतो. दुसऱ्यांदा पाहिला, आणि ते वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना.

कथा थोडक्यात अशी. व्हिक्टोरिया पेज ही लंडनमधली तरुण नर्तिका. बोरिस लेरमाँटॉव्ह हा एका बड्या बॅले मंडळीचा सर्वाधिकारी. तो तिला मंडळीत घेतो आणि अँडरसनच्या १८४५ सालच्या परीकथेवर रचलेल्या नृत्यनाट्यात नायिका करतो. संगीत ज्युलियन क्रॅस्टर या होतकरू तरुणाचे. दोघांचे प्रेम जमते. मालकाला ते खपत नाही. ज्युलियनला निरोप मिळतो, व्हिक्टोरिया त्याच्या पाठोपाठ जाते, लग्न होते.

अँडरसनची मूळ गोष्ट भलतीच निर्दय. लाल बूट घातलेल्या पोरीचे पाय थांबतच नाहीत. अखेर ती जल्लादाकडून पाय तोडवून घेते. मुलांना सांगायची म्हणे ही गोष्ट!

दिग्दर्शक पॉवेल आणि प्रेसबर्गर यांनी मध्यभागी हे नृत्यनाट्य चांगले १५-१७ मिनिटे सलग दाखवले आहे, आणि तिथेच बोलपटाचा प्राण आहे. जॅक कार्डिफच्या कॅमेऱ्याने आणि हाइन हेकरोथच्या नेपथ्याने रंगांची नुसती उधळण केली आहे. वाऱ्यावर उडणारा वर्तमानपत्राचा कागद माणूस होऊन तिच्याबरोबर नाचतो; समोरच्या प्रेक्षकांच्या जागी समुद्राच्या लाटा उसळतात. मोइरा शिअरर ही हाडाची नर्तिका, सॅडलर्स वेल्सच्या मंडळीतली. म्हणूनच यातले काही खोटे वाटत नाही. या सगळ्या झगमगाटात एक क्षण निसटून जातो. बूट विकणारा तो दुष्ट मोची (मासीनने काय नाचवला आहे!) तिच्या डोळ्यांपुढे आधी लेरमाँटॉव्ह होतो आणि लगेच ज्युलियन होतो. मोची एकच, चेहरे दोन. पहिल्या खेपेस मला हे दिसलेच नव्हते.

त्यानंतर नवऱ्याकडे पाहावे. लग्नानंतर ज्युलियन आपला ऑपेरा लिहीत बसतो. रात्री तो पियानोशी असतो, आणि ती उठून हळूच खण उघडून आपले नाचाचे बूट चाचपते. त्याची कला चालू आहे, हिची खणात आहे. मग झगडा कला आणि प्रेम यांचा कसा? आपल्या सुरांवर याचे प्रेम आहे, आपल्या मंडळीवर त्याचे. दोघांनाही ती हवी, पण आपापल्या अटीवर.

लेरमाँटॉव्हला खलपुरुष म्हणून मोकळे होता येत नाही, हे अँटन वॉलब्रुकचे यश. लंडनच्या चिमुकल्या मर्क्युरी थिएटरात ग्रामोफोनच्या साथीवर नाचणारी ही मुलगी त्याने हेरली, तेव्हाची त्याची नजर सच्ची आहे. वर्षानुवर्षे वर्गावर उभा राहिलेला कोणताही मास्तर ती नजर ओळखील. हुशार विद्यार्थी आपलाच राहावा, आपल्या डोळ्यांदेखत वाढावा, हा मोह मला चांगला ठाऊक आहे. म्हणून त्याच्यावर दात खाताना मी थोडा अडखळतो.

शेवटी माँटे कार्लोत ती पुन्हा तेच नाटक करायला उभी राहते. त्याच रात्री लंडनला ज्युलियनच्या ऑपेराचा पहिला प्रयोग. तो सोडून तो येतो. त्याने एक रात्र सोडली, तिने जन्म सोडावा अशी अपेक्षा. दोघे तिच्या खोलीत भांडतात, ती मध्ये रडते, आणि तुला काय हवे हे कोणी विचारीत नाही. रंगमंचाकडे निघालेले पाय मागे वळतात, ती धावत सुटते आणि आगगाडीसमोर उडी घेते. आता पाहा, नाटकाच्या आरंभी तिच्या पायांत लाल बूट नसतात, ते नंतर चढतात. इथे प्रयोग सुरूही झालेला नाही आणि बूट पायांत आहेत. कोणी याला चूक म्हणेल. मला ती चूक वाटत नाही. बूट केव्हाच चढले होते.

ते काढ, असे ती ज्युलियनला सांगते, आणि तो काढतो. तिकडे लेरमाँटॉव्ह पडद्यापुढे येऊन कसाबसा बोलतो, आणि प्रयोग होतो. जिथे ती असायची तिथे प्रकाशाचे एक रिकामे वर्तुळ फिरत राहते. बाकीचे सारे आपापल्या जागी नाचत असतात.