‘राऊ’मधली मस्तानी आणि आम्ही

ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली आली. तेव्हापासून बाजीराव-मस्तानीचे प्रेम मराठी वाचकाने बहुधा तिच्याच डोळ्यांनी पाहिले. २०१५चा ‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपटही याच कादंबरीवर बेतलेला होता. आम्ही कर्जतकर वाचकांनीही ‘राऊ’ जीव लावून वाचली. १९९७ साली आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, अहमदनगरला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि इनामदार त्याचे अध्यक्ष झाले, तेव्हा ही आपुलकी आणखी वाढली. तरीही पुस्तक मिटताना समाधानाबरोबर एक चुटपूट मागे राहते.

समाधान यासाठी की, गिळलेल्या पानाचा रंग जिच्या गळ्यातून दिसे, अशा दंतकथेपुरती उरलेली मस्तानी इथे माणूस झाली. मराठी ऐतिहासिक कादंबरीत मुसलमान पात्र बहुतेक वेळा शत्रूच्या छावणीत भेटते. इथे ‘यवनी’ म्हणून हिणवलेली स्त्री थेट शनिवारवाड्यात नायिका म्हणून उभी राहते आणि वाचक तिच्या बाजूने होतो. हे ऋण आम्ही नाकारत नाही.

पण मस्तानीसाठी डोळे पुसणारा वाचकच घर भाड्याने देताना आधी आडनाव विचारतो, हाही आमचा अनुभव आहे. मग प्रश्न पडतो, की या सहानुभूतीने वाचकाकडून नेमके मागितले काय? मस्तानीचे रूप, तिचे गाणे, तिची निष्ठा हे सारे राऊसाठी आहे. राऊ मोहिमेवर असताना ती कोणाची प्रार्थना करते, माहेरची कोणती बोली तिच्या ओठांवर येते, हे आम्हाला फारसे कळत नाही. तिच्यावरचा ‘मुसलमान’ हा शिक्काही इतका सरळ नाही. तिचे वडील मानले जाणारे छत्रसाल हे प्राणनाथांचे शिष्य, आणि प्रणामी पंथ वेदांबरोबर कुराणालाही मान देणारा. द. ग. गोडसे यांनी ‘मस्तानी’ या पुस्तकात तिच्याभोवतीच्या दंतकथांची कसून तपासणी केली. पाबळला तिच्या चिरविश्रांतीच्या जागेला कुणी समाधी म्हणते, कुणी मजार. एवढी गुंतागुंत प्रेमकथेच्या चौकटीत मावली नाही.

खरी चुटपूट शेवटाची आहे. १७४० साली रावेरखेडीला बाजीराव गेले, त्यामागोमाग मस्तानी गेली. प्रेमाची गोष्ट तिथे संपते. आमच्या दृष्टीने पुढची गोष्ट तिथून सुरू होते. त्यांचा मुलगा समशेर बहादूर तेव्हा अवघ्या सहा वर्षांचा होता. तो पेशव्यांच्या घरात वाढला, मराठ्यांच्या फौजेत लढला, १७६१ साली पानिपतावर जखमी झाला आणि भरतपूरच्या मुलखात त्याने प्राण सोडला. त्याचा मुलगा अली बहादूर बुंदेलखंडात गेला. त्याच्या वंशातले बांद्याचे नवाब १८५७च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. आई-बापांच्या प्रेमावर रडणाऱ्या किती वाचकांना या मुलाचे नाव आठवते?

याचा दोष इनामदारांना देणे अन्यायाचे होईल. कादंबरीचे नावच ‘राऊ’ आहे. राऊबरोबर ती संपवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. कादंबरीकाराने इतिहासाची सगळी थकबाकी फेडावी, अशी आमची अपेक्षा नाही.

मग उरलेली गोष्ट कोणी लिहायची? कर्जतच्या शेजारच्या श्रीगोंद्यात सतराव्या शतकात शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. तेव्हापासून या भाषेत आम्ही पाहुणे नाही. समशेर बहादूरवर, आणि स्वतःच्या नजरेने जग पाहणाऱ्या मस्तानीवर, आमच्यातल्याच कुणीतरी लेखणी उचलावी. ‘राऊ’ आम्ही पुन्हा वाचूच. पण तिच्या शेजारी फळीवर ठेवायला ते दुसरे पुस्तकही आम्हाला हवे आहे.